रागाचा उपास

लेंतचे दिवस आले की आमच्या घरात आई प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायची, "यंदा काय सोडणार?" ईस्टरच्या आधीचे हे चाळीस दिवस आम्ही ख्रिस्ती लोक उपासाचे मानतो. कोणी मटण सोडतं, कोणी चहा, कोणी एक वेळचं जेवण. मी कॉलेजात असताना एकदा चहा सोडला आणि चौथ्या दिवसापासून अशी तणतण सुरू केली, की पाचव्या दिवशी आईनेच कप भरून माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, "देव तुझा उपास मान्य करेल गं, पण तोवर आम्ही जगायला पाहिजे ना!" त्यानंतर मी त्या भानगडीत पडले नाही. आपण एकही उपास शेवटाला नेला नाही, हे मात्र मनात टोचत राहिलं.

मी यवतमाळच्या मिशन कंपाउंडात वाढले आणि नोकरीला लागले ती आर्णीकडच्या एका खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत. चौथीपर्यंतची शाळा, दोन खोल्या आणि आम्ही दोघे शिक्षक. पहिली-दुसरी हेडमास्तरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. माझा स्वभाव तापट. मी पोरांना मारत नसे, पण माझ्या जिभेला हाड नव्हतं आणि आवाज थेट ग्रामपंचायतीपर्यंत जायचा. रस्त्याने जाणाऱ्या बाया म्हणायच्या, "आल्या वाट्टे बाई शाळेत." पोरं पाठीमागे मला मिरचीबाई म्हणत. ते मला माहीत होतं आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं.

त्या वर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे लेंतच्या पहिल्या दिवशी, पाळकसाहेब म्हणाले, अन्न सोडणं सोपं आहे, जे तुम्हाला खरंच चिकटलंय ते सोडून दाखवा. सांगत होते सगळ्या मंडळीला, पण मला वाटलं, माझ्याकडेच बघून बोलतायत. घरी येताना मी ठरवून टाकलं. चाळीस दिवस राग बंद. शिवाय रोज एका पोरासाठी काहीतरी चांगलं करायचं, आणि तेही असं की या हाताचं त्या हाताला कळू नये.

हेडमास्तरांना मात्र मी बोलून बसले, माझा उपास आहे म्हणून. ते यवतमाळचे, तीन पिढ्या कचेरीत काम केलेल्या घरातले, अतिशय सज्जन माणूस. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून माझ्यासाठी डबा आला. साबुदाण्याची उसळ, वर दाण्याचा कूट, बाजूला लिंबाची फोड.

"सर, आमच्या उपासाला साबुदाणा लागत नाही."

"मग काय चालतं?"

"सगळंच चालतं."

"मग उपास कशाचा आहे, मॅडम?"

"रागाचा."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे नीट पाहिलं. "हा अवघड आहे," ते म्हणाले. "त्यापेक्षा साबुदाणा बरा." मग आम्ही दोघांनी मिळून ती उसळ संपवली.

इथे त्या वर्षांबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. कापसाची ती वाईट वर्षं होती. आमच्या जिल्ह्यात कापूस पिकवणारी माणसं स्वतःच्या हाताने जीव देत होती, आणि आमचं गाव त्यातून सुटलं नव्हतं. त्या वर्षी एकदा पोळ्यानंतर आणि एकदा दिवाळीच्या सुट्टीनंतर, माझ्याच वर्गातल्या पोरांच्या घरी हे घडलं. दोन्ही वेळा कोणीतरी शाळेच्या दारात आलं, मला बाहेर बोलावून हळूच सांगितलं, आणि पोराला घरी पाठवायचं काम माझ्यावर आलं. खरं काय ते मी सांगितलंच नाही. मी त्या पोराजवळ गेले, डोक्यावर हात ठेवला, हळू आवाजात म्हटलं, "दप्तर राहू दे बाळा, मी पाठवते." कपाटातला बिस्किटांचा पुडा त्याच्या हातात दिला आणि काकाबरोबर त्याला धाडलं. दुसऱ्या वेळीही अगदी तसंच. न रडता, न अडखळता. हेडमास्तर म्हणाले, "तुम्ही फार छान सांभाळलं." मलाही तसंच वाटलं होतं. बाकीचा वर्ग पाटीवरून मान वर करून बघत होता, हे काही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

तर लेंतचे दिवस सुरू झाले आणि माझं चांगुलपणही सुरू झालं. पहिल्या दिवशी तिसरीतल्या एका मुलीच्या केसांचा गुंता सोडवून वेण्या घातल्या. दुसऱ्या दिवशी एकाच्या सदऱ्याचं बटण लावलं. तिसऱ्या दिवशी एकाला नवी पेन्सिल देऊ लागले, तर त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"मले नको बाई."

"अरे घे ना."

"नाई. म्यां काईच नाई केलं."

मला वाटलं, पोरगा स्वाभिमानी आहे. मनातल्या मनात मी त्याचं कौतुकही केलं. वर्ग दिवसेंदिवस गप्प होत चालला होता. कोणाचं गणित चुकलं की मी म्हणायची, "असू दे, पुन्हा कर," आणि पोरं एकमेकांकडे बघायची. मी बाकांमधून फिरायला लागले की माना खाली जायच्या. प्रेमाने पोरं किती शांत होतात, असं मी रविवारी चर्चमधल्या बायकांच्या सभेत फुशारकीने सांगून आले. आता ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

चौथीत एक मुलगी होती. माझ्याशी वाद घालणारी वर्गात ती एकटीच. मी फळ्यावर 'शेत' लिहिलं की ही मागून म्हणणार, "बाई, वावर लिवा ना. शेत कोन म्हनते?" मी तिला दिवसातून चार वेळा झापायची आणि ती चारही वेळा खाली मान घालून हसायची. वर्गातलं माझं सगळ्यात आवडतं पोर तेच होतं. हे मी तिला कधी कळू दिलं नव्हतं. तिची पाळी मी मुद्दाम मागे ठेवली होती, ताटातला आवडीचा घास शेवटी खातात तशी.

तिसऱ्या आठवड्यात तो दिवस आला. ती सतराचा पाढा म्हणत होती आणि मध्येच अडकली. एरवी मी छत डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी मी उठले, तिच्याजवळ गेले, डोक्यावर हात ठेवला. "राहू दे बाळा," मी म्हटलं. "बाहेर सावलीत बस थोडा वेळ. दप्तर राहू दे इथंच." आणि कपाटातला बिस्किटांचा पुडा काढून तिच्या हातात दिला.

तिचे ओठ पांढरे पडले. तिने पुड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कायले, बाई?"

मी हसले. तेवढं तरी करायला नको होतं. पुडा तिच्या हातातून पडला आणि ती दारातून धावत सुटली. चपला उंबऱ्याशीच राहिल्या. मी हाका मारत पायरीपर्यंत गेले, तोवर ती रस्त्याच्या वळणावर पोचली होती.

मागे वळले तर सगळ्या वर्गाची नजर खाली पडलेल्या पुड्यावर. पेन्सिल नाकारणारा तो पोरगा शांतपणे म्हणाला, "तिचा बाप गेला."

"कोण म्हणतं?" मी जवळजवळ ओरडलेच.

तो गोंधळला. "तुमीच तर सांगतलं, बाई. आता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गेले दोन-अडीच आठवडे मी वर्गात काय करत होते ते त्या एका क्षणात कळलं. मी ज्याच्याजवळ हळू बोलायची, ते पोर संध्याकाळी घरी जाऊन आधी बाप शोधत होतं. वेण्या घालून दिलेली ती तिसरीतली मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत का आली नव्हती, हे मी विचारलंसुद्धा नव्हतं.

वर्ग हेडमास्तरांवर सोपवून मी मोपेड काढली. त्या मुलीच्या घरचं वावर नाल्यापलीकडे होतं. हंगाम संपला की वाळलेल्या पऱ्हाट्या उपटून चुलीसाठी रचून ठेवतात, त्या कामात तिचे वडील होते. ती त्यांच्या कमरेला दोन्ही हातांनी विळखा घालून उभी होती आणि त्यांनी हातातल्या पऱ्हाट्या उंच धरल्या होत्या, तिला ओरखडू नये म्हणून.

"काय झालं वो बाई? हे त काई सांगूनच नाई राह्यली."

त्यांच्या सदऱ्यात तोंड खुपसून तीच बोलली, "बाईनं मले बिस्किट देल्लं."

ते आधी हसले. मग हसू थांबलं. गावातल्या त्या दोन घरी ते स्वतः खांदा द्यायला गेले होते. मी सांगायच्या आधीच त्यांना उमगलं असावं. त्यांनी पऱ्हाट्या खाली टाकल्या, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि चटका बसावा तसा लगेच काढून घेतला. "मी हाये ना वो माय," ते म्हणाले. "पाह्य बरं माह्याकडं. इथंच त हाये."

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बापाची राखण करायला ती घरी राहिली होती. ते वावरात गेले की ही वावरात, आर्णीला गेले की ही एसटीत त्यांच्या शेजारी. तिची आई कपाळावर हात मारून सांगायची, "परसाकडं गेले तरी मांगंमांगं जाते, बाई. अस्सं कुठं असते का?" आणि मग अगदी सहज म्हणाली, "तसंबी चौथी झाली का बंदच करनार होतो. पाचवीची शाळा दूर हाये. राहू द्या आता." परीक्षा ईस्टरच्या दुसऱ्या आठवड्यात होती. ती बसली नाही तर तिची शाळा तिथेच संपणार, हे स्पष्ट होतं. आणि ती माझ्या दयेने संपणार होती.

मी तीनदा त्यांच्या घरी गेले. खाटेवर बसून गोड बोलले, समजावलं, पाठीवरून हात फिरवायला गेले. ती प्रत्येक वेळी कोठीमागे लपली. तिसऱ्या वेळी आईने मला दारापर्यंत आणून सोडलं. म्हणाली, "राग नका मानू, पन तुमी येत नका जाऊ. तुमी अशा गोड बोलून गेल्या का तिले घास उतरत नाई."

वर्गात मी सगळं खरं सांगून टाकलं. कोणाच्या घरी काही झालेलं नाही, माझा उपास आहे, रागाचा, म्हणून मी ओरडत नाही.

"बाई, कधी सुटते तुमचा उपास?" एकाने विचारलं. मी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून फळ्याच्या कोपऱ्यात कोणीतरी उरलेल्या दिवसांचा आकडा लिहू लागलं. रोज सकाळी जुना पुसायचा, नवा लिहायचा. माझ्या ईस्टरची वाट पोरं माझ्याहून जास्त बघत होती.

झावळ्यांच्या रविवारी उपासना झाल्यावर मी पाळकसाहेबांना गाठलं आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आता आठवडाच उरलाय. सैतान शेवटच्या आठवड्यातच गाठतो माणसाला. प्रार्थना करा, उपास मोडू नका." माणूस चांगला, पण त्या पोरीचे पांढरे ओठ त्यांनी पाहिले नव्हते. मी मान डोलावून निघाले आणि एसटीत बसल्यावर मनातल्या मनात त्यांच्याशी कडकडून भांडले.

पण खरी गोष्ट याहून वाईट आहे. मलाही उपास मोडायचा नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा माझं काहीतरी शेवटाला जात होतं. एका पारड्यात ती पोरगी आणि दुसऱ्यात माझा उपास, आणि मी सोमवार, मंगळवार, बुधवार नुसती तराजू धरून बसले. त्या तीन दिवसांची मला आजही लाज वाटते.

गुरुवारी परिपाठ झाल्याबरोबर मी मोपेड काढली. पऱ्हाट्या निघून वावर मोकळं झालं होतं. वडील बैलांना पाणी पाजत होते आणि ती धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गुडघ्यांत मान घालून बसली होती. मला पाहताच ती उठली आणि बापाकडे धावायच्या बेतात आली.

"ए महाराणी!" मी धुऱ्यावरून ओरडले. पहिला शब्द थरथरत निघाला, पुढचे आपोआप आले. "तीन आठवडे झाले, तोंड दाखवलं नाहीस! परीक्षेला काय हे बैल बसणार आहेत तुझ्याऐवजी? सतराचा पाढा अर्धा टाकून पळालीस, तो काय मी पुरा करू? चपला तिथं टाकल्यास, दप्तर तिथं टाकलंस, शाळा काय धर्मशाळा आहे? इकडे ये आधी! ये म्हणते ना!"

मी सोंग आणायचं ठरवून गेले होते, पण तो राग खरा निघाला. स्वतःवरचा, पाळकसाहेबांवरचा, त्या कापसावरचा, दारात येऊन हळूच सांगणाऱ्या माणसांवरचा, सगळा त्या एकट्या पोरीवर निघाला. बैलांनी पाणी पिणं थांबवलं.

ती मान कलती करून ऐकत होती. माझं संपेपर्यंत थांबली. मग बापाकडे वळून तिने आनंदाची बातमी सांगावी तसं सांगितलं, "बाबा, बाई रागावली!"

त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं आणि खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसलं. "जाय मंग," ते म्हणाले. "कायले उभी हायेस?"

मोपेडवर ती माझ्या मागे बसली. नाला ओलांडल्यावर तिचा आवाज आला, "बाई, उद्याबी रागवान?"

"उद्या उत्तम शुक्रवार आहे. सुट्टी."

"मंग सोमवारी?"

"सोमवारी रागवेन."

"रोज?"

"हो, रोज."

मग ती म्हणाली, "ज्या दिवशी तुमी नाई रागावल्या, त्या दिवशी मी घरी पयून जाईन."

"बरं," मी म्हटलं. अगदी सहज म्हणून गेले.

काय कबूल करून बसले, ते मला सोमवारी सकाळी कळलं. वर्गात ती पहिल्याच बाकावर माझ्याकडे बघत बसली होती, आणि मी तोंड उघडणार तोच मनात आलं, मी आता रागावले तर त्याचा अर्थ काय? तुझा बाप जिवंत आहे, असा. ते मला कुठे ठाऊक होतं? तिला ते खरं वाटणार होतं, आणि खोटी साक्ष द्यायची तर आम्हाला दहा आज्ञांतच मनाई आहे. मी खडू आणायच्या निमित्ताने बाहेर व्हरांड्यात गेले. सकाळची शाळा होती. तिचे वडील नांगरणीला निघालेले, बैल पुढे घालून शाळेवरूनच चालले होते. मी त्यांना डोळे भरून पाहिलं, आत आले आणि मग तिला झापलं. ती हसली आणि पाटी काढून बसली.

तो रोजचा नेमच झाला. ते रस्त्यावर दिसले की मी आत यायची आणि रागवायची. मला कारण सापडावं म्हणून ती रोज मुद्दाम एक चूक करायची. त्यांनाही केव्हातरी कळलं असावं, कारण शाळेसमोर आले की ते बैलांना उगाचच मोठ्याने हाकारायचे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ते दिसले नाहीत. परिपाठ झाला, राष्ट्रगीत झालं, हजेरी झाली. रस्ता मोकळाच. मी फळ्याकडे वळून गणित लिहायला घेतलं. मागून तिचा आवाज आला.

"बाई, म्यां पाढा चुकला."

"ऐकलं मी."

मी लिहीत राहिले. खडू दोनदा तुटला. वर्गात इतकी शांतता होती, की शेजारच्या खोलीत पहिलीची पोरं बाराखडी म्हणत होती ती अक्षर न् अक्षर ऐकू येत होती.

"लय चुकला, बाई," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

मी खिडकीशी गेले. दारात आता कोण येऊन उभं राहील, मला बाहेर बोलावून हळू आवाजात काय सांगेल, आणि मग मी हिच्या डोक्यावर कुठला हात ठेवणार, एवढंच मनात होतं. मागे तिने बाकावरून पाय खाली घेतल्याचा आवाज झाला.

तेवढ्यात उलट्या बाजूने, आर्णीच्या रस्त्याने, ते येताना दिसले. एका बैलाला नाल ठोकून आणला होता, त्यामुळे उशीर झाला होता. मला खिडकीत पाहून त्यांनी पावलं उचलली, जवळजवळ धावतच शाळेसमोर आले आणि लांबूनच हात वर केला.

मग मी त्या पोरीला अशी झापली, अशी झापली, की शेजारच्या खोलीतून हेडमास्तर धावत आले. ती खाली मान घालून हसत होती. मी फळ्याकडे तोंड केलं आणि तशीच ओरडत राहिले, कारण थांबले असते तर पोरांना माझं रडणं ऐकू आलं असतं.